वादळ गेल्यावर वीजबिल का वाढतं: तुटलेल्या खांबापासून बिलापर्यंतचा हिशोब, पायरी पायरीने

२०२४ मध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबर एवढ्या काळात फ्लोरिडावर डेबी, हेलीन आणि मिल्टन अशी तीन हरिकेन आली आणि २०२५ उजाडल्यावर तिथल्या वीजबिलांत त्याचे पैसे लागायला लागले, एफपीएल (फ्लोरिडा पॉवर अँड लाइट) या वीज कंपनीकडे जानेवारीपासून, ड्यूक आणि टँपा इलेक्ट्रिक या कंपन्यांकडे मार्चपासून. टँपा, ओरलँडो, मायामीकडे नवीन राहायला गेलेल्या कुणालाही प्रश्न पडेल की लाइट तर कधीच आली, खांब उभे राहिले, मग हे पैसे कशाचे आणि एवढ्या मोठ्या कंपनीने विमा काढलेला नसतो का. प्रश्न अगदी रास्त आहे. ज्यांना फक्त आपलं बिल समजून घ्यायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, आणि जे वीज कंपनीच्या अकाउंट्सला किंवा रेग्युलेटरी डिपार्टमेंटला नवीन लागलेत त्यांच्यासाठी पण, कारण त्यांना पहिल्या वादळात नेमकं काय लिहून ठेवायचं हे कुणी बसून सांगत नाही.

उदाहरण फ्लोरिडाचं घेतलंय कारण तिथला नियम लेखी आहे, बारीक आहे आणि कुणालाही वाचायला खुला आहे. शेवटपर्यंत एक गोष्ट मात्र धरून ठेवा: वादळाच्या दिवसांत झालेला खर्च वेगळा आणि वादळामुळे झालेला खर्च वेगळा. सगळे हिशोब, सगळ्या सुनावण्या याच फरकावर चालतात.

पायरी १: तुमची वीज कंपनी कुठल्या जातकुळीची आहे ते बघा

अमेरिकेत तीन प्रकार आहेत. शेअरहोल्डरांच्या मालकीच्या खाजगी कंपन्या (एफपीएल, ड्यूक, टँपा इलेक्ट्रिक), शहराच्या मालकीच्या (जॅक्सनव्हिलची जेईए, ओरलँडोची ओयूसी) आणि सहकारी संस्था. शहराच्या आणि सहकारी संस्थांना मोठी आपत्ती जाहीर झाली की फेमा या केंद्रीय संस्थेकडून दुरुस्तीच्या खर्चाचा मोठा वाटा मिळू शकतो, साधारण ७५ टक्के किंवा त्याहून जास्त. खाजगी कंपन्यांना ती मदत मिळत नाही, त्यांना सगळं स्वतःच्या खिशातून करून मग ग्राहकांकडे यावं लागतं. म्हणून फोर्ट मायर्समध्ये एफपीएलची वीज घेणारा आणि शेजारच्या केप कोरलमध्ये एलसीईसी या सहकारी संस्थेची वीज घेणारा, दोघांनी २०२२ चं इयन वादळ तेवढंच सोसलं तरी दोघांच्या बिलाचा हिशोब सारखा नसतो, तेव्हा मित्राच्या बिलाशी तुलना करण्याआधी बिलाच्या डोक्यावरचं कंपनीचं नाव वाचा. इथून पुढे सगळं खाजगी कंपन्यांबद्दल आहे.

पायरी २: विमा का नाही, आणि त्याऐवजी काय आहे

२४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू हरिकेन मायामीच्या दक्षिणेला घुसलं. त्यानंतर खांब आणि तारांचा विमा विमा कंपन्या परवडेल अशा दरात द्यायला तयारच होईनात, वीजकेंद्राचा विमा अजूनही मिळतो पण हजारो मैल उघड्यावर पसरलेल्या तारांचा नाही. मग आयोगाने, म्हणजे फ्लोरिडा पब्लिक सर्व्हिस कमिशनने, कंपन्यांना स्वतःचा वादळ निधी ठेवायला परवानगी दिली. हिशोबात तो खातं २२८.१ मध्ये दिसतो, वादळ आलं की त्यातून खर्च टाकायचा आणि रिकामा झाला की पुन्हा भरायचा.

निधी म्हटल्यावर बँकेत पैसे पडून आहेत असं वाटतं पण तसं असेलच असं नाही, काहींकडे खरोखर वेगळी गुंतवणूक असते आणि काहींकडे तो फक्त वहीतला आकडा असतो. आणि तो उणे पण होतो. २००४ मध्ये एकाच मोसमात चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन, जीन ही चार आणि २००५ मध्ये डेनिस, कॅटरिना, विल्मा, म्हणजे साठवलेलं सगळं संपून वर खड्डा पडला आणि राज्याला नियम नव्याने विचारात घ्यावे लागले. पुढच्या पायऱ्यांत जो नियम आहे तो या दोन मोसमांच्या अनुभवातून आलाय.

पायरी ३: वादळ येण्याआधीच वेगळी वर्क ऑर्डर उघडा

हे नवीन अकाउंटंटसाठी. हवामान खात्याचा अंदाज आला, बाहेरच्या राज्यातल्या टीम बोलवायला सुरुवात झाली, की त्या क्षणापासून त्या वादळाच्या नावाची वर्क ऑर्डर, म्हणजे त्या कामाचा खर्च नोंदवायचा वेगळा नंबर, उघडी पाहिजे आणि प्रत्येक तास, प्रत्येक डिझेलची पावती, प्रत्येक हॉटेलची खोली त्याच नंबरवर गेली पाहिजे. नंतर आठवून भरू असं म्हणाल तर जमणार नाही. लाइनमनची टीम जॉर्जिया नाहीतर ओहायोतून निघते, वाटेत मुक्काम करते, सोळा तास काम आणि आठ तास विश्रांती असं चक्र चालतं, आणि त्यांचं बिल कित्येक आठवड्यांनी येतं. तेव्हा ही टीम कुठल्या दिवशी कुठून निघाली, किती वाजता टीम जमवायच्या मैदानावर पोचली, कुणाच्या सहीने कामाला लावली, हे सांगणारा कागद नसेल तर बिल बरोबर आहे की नाही हे तुम्हालाच कळणार नाही, आयोगाला कसं पटवणार?

दुसऱ्या वीज कंपनीची माणसं मदतीला येतात ती परस्पर मदतीच्या करारावर, त्यात नफा धरत नाहीत, झालेला खर्च तेवढा घेतात. ठेकेदाराची माणसं येतात ती ठरलेल्या रेटवर, आणि तिथे प्रवासाचे तास, स्टँडबायचे (नुसतं थांबून राहण्याचे) तास यावर सगळ्यात जास्त वाद होतात. दोन्हीचे कागद पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

पायरी ४: कुठला खर्च चालतो आणि कुठला नाही

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे सावकाश जा.

फ्लोरिडाचा नियम २५-६.०१४३ सांगतो की वादळ आलं नसतं तरी जो खर्च नेहमीच्या दरातून झालाच असता तो वादळाच्या खात्यात टाकायचा नाही, फक्त त्याच्या वरचा वाढीव खर्च टाकायचा. घरात लग्न निघालं म्हणून त्या महिन्याचा किराणा आणि मुलांची शाळेची फी आपण लग्नाच्या खर्चात धरत नाही ना, तसंच.

आता लाइनमनचा पगार बघा. त्याचा नेहमीचा पगार तुमच्या दरमहाच्या बिलात आधीच धरलेला आहे, म्हणून तो वादळाच्या खात्यात जात नाही, पण वादळामुळे झालेला ओव्हरटाइम जातो. मॅनेजर लोक ज्यांना ओव्हरटाइम लागू नाही त्यांना खास बोनस दिला, तर तो चालत नाही. कंपनीच्या स्वतःच्या ट्रकचा घसारा आणि विमा चालत नाही पण वादळासाठी भाड्याने आणलेल्या ट्रकचं भाडं चालतं, आणि डिझेल दोन्हीचं चालतं. मैदानात तंबू ठोकून तिथे हजारो माणसांचं जेवण, झोपायची सोय, चादरी, कचरा उचलणं, हे सगळं चालतं, कारण वादळ नसतं तर हे झालंच नसतं. सुरक्षेची आणि लाइट कधी येईल याची जाहीर सूचना रेडिओवर दिली तर चालते, कंपनीची प्रतिमा उजळणारी जाहिरात चालत नाही. कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग वादळाच्या ७२ तासांपेक्षा आधी झालं असेल तर ते बाहेर.

झाडं छाटण्याची मोजणी मला या नियमात सगळ्यात नीट बांधलेली वाटते. फांद्या तर बारा महिने छाटतातच, मग वादळाच्या महिन्यातली कुठली छाटणी वादळाची आणि कुठली नेहमीची? तर त्याच महिन्याची मागच्या तीन वर्षांची सरासरी काढायची, ऑक्टोबर २०२४ असेल तर २०२१, २०२२ आणि २०२३ च्या ऑक्टोबरची, आणि त्या सरासरीच्या वर जेवढं गेलं तेवढंच वादळाच्या खात्यात. वाद घालायला जागाच फार उरत नाही.

आणि एक ग्राहक म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: लाइट बंद असताना कंपनीची जी विक्री बुडाली ती या खात्यात टाकता येत नाही. "आमचीच वीज बंद होती आणि त्याचे पण पैसे आमच्याकडून घेतात" ही तक्रार वादळासाठी बिलात लागणाऱ्या आकाराबाबत खरी नाही. गोडाऊनमधला साठा पुन्हा भरून ठेवण्याचा खर्च पण चालत नाही, जे सामान दुरुस्तीत प्रत्यक्ष वापरलं तेवढंच.

पायरी ५: एक खांब घ्या आणि त्याचा हिशोब पूर्ण करा

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे अडखळतो म्हणून एकाच खांबाचं बघू, आकडे समजण्यापुरते धरलेत.

समजा एरवी, आभाळ निरभ्र असताना, जुना खांब काढून नवीन उभा करायला ३,००० डॉलर लागतात. वादळानंतर तेच काम बाहेरच्या टीमकडून, ओव्हरटाइमवर, चिखलातून क्रेन नेऊन करायचं म्हणजे ८,००० लागले. पण खांब तर नवा आला ना, आणि तो पुढची कित्येक वर्षं उभा राहणार आहे. म्हणून जे ३,००० एरवी पण लागलेच असते ते नेहमीच्या भांडवली कामासारखे जातात, नव्या खांबाचा भाग खातं ३६४ मध्ये, म्हणजे खांबांच्या मालमत्तेत, आणि जुना काढण्याचा नेहमीचा भाग १०८ मध्ये, म्हणजे साठलेल्या घसाऱ्यात. उरलेले ५,००० खातं २२८.१ ला. मोडलेल्या खांबाची मूळ किंमत ३६४ मधून बाहेर काढून १०८ मध्ये वळती करायची.

हे असं का? सगळे ८,००० वादळात टाकले तर ग्राहक एका वर्षात नव्या खांबाची पूर्ण किंमत भरतो आणि तो खांब पुढे तीस-चाळीस वर्षं राहतो. उलट सगळे ८,००० मालमत्तेत टाकले तर खांब कागदावर फुगलेल्या किमतीचा होतो आणि त्या फुगलेल्या किमतीवर कंपनी कित्येक वर्षं परतावा घेत बसते. दोन्हीत ग्राहकाचं नुकसान आहे. म्हणून कुठल्याही दाव्यात किती रक्कम भांडवली म्हणून बाजूला काढली हा आकडा मी आधी बघते, तो संशयास्पद रीतीने लहान असेल तर विचारायचे प्रश्न तिथून सुरू होतात.

जो खांब मोडला नाही, फक्त वाकला होता आणि सरळ केला, तो साधी दुरुस्ती. ती एरवी ५९३ मध्ये, ओव्हरहेड लाइनच्या देखभालीत गेली असती, वादळात वाढीव असेल तर २२८.१ मध्ये.

पायरी ६: अर्ज आणि तात्पुरता आकार

निधी संपला आणि खर्च अजून बाकी आहे, तर ती बाकी रक्कम लगेच तोटा म्हणून दाखवत नाहीत. आयोग हे पैसे वसूल करू देईल अशी दाट शक्यता आहे म्हणून ती येणं असल्यासारखी मालमत्तेच्या बाजूला राहते. ही शक्यता मोडली, म्हणजे आयोगाने एखादा खर्च नाकारला, तर तो भाग नफ्यातून वजा होतो आणि शेअरहोल्डरांच्या अंगावर पडतो. कंपनीला कागद जपायला लावणारी खरी ताकद हीच आहे.

मग कंपनी आयोगाकडे अर्ज करते. पूर्ण बिलं यायची असतात तरी अंदाजी रकमेवर तात्पुरता आकार सुरू होऊ शकतो, आणि त्यात नंतर जास्त निघालं तर परत करण्याची अट असते. एफपीएलच्या बाबतीत ग्राहक प्रतिनिधींबरोबरच्या समझोत्यात २०२४ च्या वादळांपर्यंत असं ठरत आलं होतं की अर्जानंतर ६० दिवसांनी आकार सुरू करता येतो, घरगुती बिलावर १००० युनिटमागे ४ डॉलरपर्यंत, १२ महिन्यांसाठी, आणि खर्च फारच मोठा, म्हणजे ८० कोटी डॉलरच्या वर गेला तर जास्त मागता येतं. २०२४ च्या तीन वादळांचा एफपीएलचा आकडा सुमारे १२० कोटी डॉलर होता, म्हणून ४ वर भागलं नाही आणि २०२५ चे बारा महिने १००० युनिटमागे साधारण १२ डॉलर लागले. ड्यूकची रक्कम सुमारे ११० कोटी होती, म्हणजे जवळपास तेवढीच, पण तिचे फ्लोरिडातले ग्राहक एफपीएलपेक्षा खूप कमी, म्हणून माणशी भार कितीतरी जास्त पडला. टँपा इलेक्ट्रिकने रक्कम १८ महिन्यांवर पसरली.

सगळ्यांना सारखा दर लागत नाही. मोठा कारखाना थेट उच्च दाबाच्या लाइनवरून वीज घेतो, गल्लीतले खांब तो वापरतच नाही आणि वादळात सगळ्यात जास्त मोडतात ते गल्लीतलेच, म्हणून घरगुती ग्राहकाचा युनिटमागचा दर जास्त येतो.

पायरी ७: सुनावणीत काय होतं

शेवटचा आकडा आला की छाननी. कंपनीसमोर बसतो ऑफिस ऑफ पब्लिक काउन्सेल, म्हणजे ग्राहकांची बाजू मांडायला राज्याच्या विधिमंडळाने नेमलेला वकील, आणि तो ठेकेदारांची बिलं एकेक करून तपासायला लावतो. या कार्यालयाबद्दल मला मनापासून आदर आहे, एकट्या ग्राहकाला हे काम कधीच झेपलं नसतं.

दोन उदाहरणं वाचाच. २०१९ चं डोरियन फ्लोरिडाच्या किनाऱ्याला समांतर वर निघून गेलं, तिथल्या जमिनीवर आलंच नाही, तरी एफपीएलने आधीच माणसं आणि सामान मैदानांवर आणून ठेवलं होतं आणि त्याचा खर्च सुमारे २४ कोटी डॉलर झाला. न आलेल्या वादळाचा खर्च वादळामुळे झालेला धरायचा का? मला वाटतं धरायचा, कारण निर्णय अंदाज बघून घ्यावा लागतो आणि माणसं आधी आणली नाहीत तर अंधार आठवडाभर लांबतो, पण किती आणली, किती दिवस बसवून ठेवली, रेट काय दिला, हे तपासलंच पाहिजे.

दुसरं २०१७ चं अर्मा. खर्च सुमारे १३० कोटी डॉलर. एफपीएलने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की वेगळा आकार लावणार नाही, नुकत्याच झालेल्या केंद्रीय करकपातीतून वाचणाऱ्या पैशांतून हे भागवू. ऐकायला छान आहे, पण कर कमी झाला तर तो फायदा मुळात दर कमी होऊन ग्राहकाकडेच यायला हवा होता असा ग्राहकांच्या बाजूचा मुद्दा होता आणि तो नीट ऐकण्यासारखा आहे. अर्माच्या छाननीतून एक चांगली गोष्ट निघाली, ठेकेदारांचे तास आणि प्रवास कसा नोंदवायचा याची कडक पद्धत एफपीएलने समझोत्यात मान्य केली.

पायरी ८: रक्कम फारच मोठी असेल तर बाँड

एका वर्षात झेपत नसेल तर राज्याच्या कायद्याने खास बाँड काढता येतात. एक वेगळी संस्था बाँड विकते, कंपनीला पैसे एकदम मिळतात आणि ग्राहक बरीच वर्षं छोटा आकार भरत राहतात. हा आकार पुढच्या आयोगाला पण रद्द करता येत नाही, त्यामुळे व्याजदर कमी पडतो. एफपीएलने २००७ मध्ये असे ६५.२ कोटी डॉलरचे बाँड काढले, लुइझियानात एंटर्जीने २०२२ मध्ये ३०० कोटी डॉलरच्या वर. बिल हलकं दिसतं पण व्याज धरून एकूण जास्त जातं, शिवाय पुढच्या वादळाच्या खर्चाचा आकार याच्यावरच येऊन बसतो.

आपल्याकडे कसं आहे, थोडक्यात

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं, श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोलीकडे गावंच्या गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. पण महावितरणच्या बिलात वादळाची अशी वेगळी ओळ नाही, तिथे स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क एवढंच. खर्च देखभालीत आणि भांडवली कामात मिसळतो, काही मदत आपत्ती निधीतून येऊ शकते, आणि बाकीचं राज्य वीज नियामक आयोगापुढे दरनिश्चितीच्या वेळी मांडायचं, जिथे नैसर्गिक आपत्ती ही कंपनीच्या हाताबाहेरची बाब धरतात. जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या नियमात पण मंजूर खर्च आणि अपेक्षित महसूल यात तफावत ठेवायची नाही, अपवाद नैसर्गिक आपत्तीचा, असं आहे. बिल सुटसुटीत राहतं हे खरं, पण कुठल्या वादळाचे किती पैसे आपण भरले हे कोकणातल्या ग्राहकाला बिलावरून शोधता येत नाही, आणि ते कळायला हवं असं मला फार वाटतं.

पायरी ९: आता तुमचं बिल काढा

आता परत फ्लोरिडाकडे. आकार वेगळ्या ओळीत दिसेलच असं नाही, कधी तो इंधन सोडून बाकीच्या युनिट दरात मिसळलेला असतो, तेव्हा कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या वर्गवारीचं दरपत्रक उघडा आणि वादळ दुरुस्तीचा युनिटमागचा आकडा शोधून तुमच्या युनिटने गुणा. वादळ संरक्षण नावाचा आकार दिसला तर तो हा नव्हे, तो २०१९ च्या कायद्याने आलेला, पुढची मोडतोड टाळण्यासाठी तारा जमिनीखाली घालणं वगैरे कामांचा आहे आणि तो दरवर्षी चालूच राहतो.

आकार वादळाच्या वेळी कोण राहत होतं त्यावर नसतो, वसुलीच्या महिन्यांत कोण किती वीज वापरतं त्यावर असतो. म्हणजे तुम्ही मिल्टननंतर चार महिन्यांनी टँपाला आलात तरी भरणार, आणि जो डिसेंबरमध्ये टेक्सासला निघून गेला तो सुटला.

आयोगाच्या वेबसाइटवर प्रत्येक दाव्याचा डॉकेट नंबर, म्हणजे फाइलचा क्रमांक, असतो आणि त्याखाली कंपनीचा अर्ज, साक्षी, पब्लिक काउन्सेलच्या हरकती, शेवटची ऑर्डर, सगळं फुकट वाचता येतं. आधी ऑर्डर वाचा, मग खर्चाचा तक्ता, त्यात एकूण खर्च, त्यातून वजा केलेला नेहमीचा खर्च आणि भांडवली रक्कम हे तीन आकडे बघा. ग्राहक म्हणून काही म्हणायचं असेल तर तोच डॉकेट नंबर घालून आयोगाला लेखी कळवता येतं आणि ते फाइलला लागतं. आकार संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, त्यानंतरच्या बिलात युनिटचा दर उतरला का ते बघा, आणि शेवटच्या ऑर्डरमध्ये जास्त वसुली निघाली असेल तर ती परत कशी आणि कुठल्या महिन्यात येणार हे त्याच ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं.